फोन ठेवल्यानंतर

बसवकल्याणच्या पंचक्रोशीत आजाऱ्याच्या समाचाराला जाण्याची रीत अद्याप टिकून आहे. कोणाचा पाय मोडला, कोणाला काविळीने धरले, कोणाच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली, की चार-आठ दिवसांत शेजारीपाजारी, सोयरेधायरे, शेतावरचे सोबती दारात येऊन टेकतात. चहा होतो, पावसापाण्याच्या गोष्टी होतात, आणि उठता उठता "आता कसं वाटतंय?" एवढे विचारले जाते. पहिल्या दिवशी तर सगळेच धावतात. समाचाराचे खरे मोल पुढच्या फेऱ्यांत असते, हे खेड्यातील माणूस चांगले जाणतो. परंतु एका दुखण्याला ही रीत लागू पडत नाही. जीव नकोसा होऊन ज्याने तो संपविण्याचा प्रयत्न केला, किंवा तसा विचार मनात घोळत असता रात्री-अपरात्री एखाद्या अनोळखी माणसाला फोन केला, त्याच्या समाचाराला कोणी येत नाही. आलेच तर कुजबुज करावयास येतात.

असा फोन करण्याची सोय आता झालेली आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली-मानस' नावाची मदतवाहिनी सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक. रात्रंदिवस चालणारी, पैसे न पडणारी आणि वीस भाषांत बोलणारी ही सोय आहे. बंगळुरूची 'निम्हान्स' ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिच्या केंद्रस्थानी असून फेब्रुवारी २०२५ पर्यंत देशभर तिची ५३ केंद्रे उभी राहिली होती आणि १८ लाखांहून अधिक फोन तिच्याकडे आले होते. आकडा मोठा आहे, आणि तो अभिमानाने सांगितला जातो. त्यात वावगे काही नाही. तथापि त्याच्या शेजारी आणखी एक आकडा छापला जावयास हवा: या फोन करणाऱ्यांपैकी कितीजणांना मदतवाहिनीकडून पुन्हा फोन गेला?

हा प्रश्न का विचारावयाचा, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. बसवकल्याण तालुक्यातील एका वाडीत राहणारी एक सून समजावी. वय पंचवीस-सव्वीस, माहेर उमरग्याकडचे, नवरा पुण्यास बांधकामावर. घरात सासू, धाकटा दीर आणि सोसायटीचे कर्ज. एके रात्री तिने दिराचा फोन घेऊन, पडवीच्या टोकाला बसून १४४१६ हा क्रमांक फिरविला. पलीकडच्या समुपदेशक बाईंनी वीस-पंचवीस मिनिटे तिचे ऐकले. तिचा हुंदका ओसरला, ती म्हणाली, "आता बरं वाटतंय, ताई." फोन ठेवला. सकाळी उठून तिने शेणगोठा केला. कर्ज होते तेथेच होते, नवरा पुण्यासच होता, आणि सासूचा बोल कालचाच होता. त्या रात्रीचा आवाज मात्र गेला होता.

अशा माणसाच्या मनात तो विचार पुन्हा डोकावतो काय? अमेरिकेत मॅडेलिन गूल्ड या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी या गोष्टीचा छडा लावला. त्यांचा अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्महत्येच्या विचारात मदतवाहिनीला फोन केलेल्या ज्या लोकांशी काही आठवड्यांनी पुन्हा संपर्क साधता आला, त्यांतील शेकडा ४३ जणांना मधल्या काळात तो विचार पुन्हा आलेला होता. यावरून पहिला फोन व्यर्थ गेला असे ठरत नाही. फोनवर बोलत असतानाच मनावरचा भार उतरतो, हेही त्याच पाहणीत दिसून आले होते. पण दुखणे एका बैठकीचे नसते, ही गोष्ट त्या आकड्याने उघड केली. पुढे तेथील मदतवाहिन्यांनी फोन करणाऱ्यास आपण होऊन पुन्हा फोन करण्याचा परिपाठ ठेवला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत अशा ५५० माणसांना विचारले गेले. या विचारपुशीमुळेच आपण जीव देण्यापासून परावृत्त झालो असे त्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांनी सांगितले. माणसाने स्वतःविषयी दिलेली ही साक्ष आहे, तराजूत तोलून काढलेले वजन नव्हे, हे खरे. परंतु ती ज्याची त्याने दिलेली आहे.

या सर्व विचाराचा उगम बराच जुना आहे. लंडनमध्ये चॅड व्हारा नावाचे एक अँग्लिकन धर्मोपदेशक होते. तरुणपणी, १९३५ मध्ये, जीव दिलेल्या एका अल्पवयीन मुलीचा दफनविधी त्यांना करावा लागला. शरीरधर्मातील एका साध्या गोष्टीचा तिने भयंकर रोग म्हणून अर्थ लावला होता, आणि विचारावयास जवळ कोणी नव्हते. ती गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. २ नोव्हेंबर १९५३ रोजी त्यांनी आपल्या चर्चमधून संकटातील माणसांसाठी टेलिफोन सुरू केला. तीच पुढे 'समॅरिटन्स' ही संस्था झाली. आरंभी कल्पना अशी होती, की उपदेश व्हारांनी करावयाचा आणि मदतनीसांनी केवळ येणाऱ्यांना बसवून चहा द्यावयाचा. थोड्याच दिवसांत एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. बाहेरच्या खोलीत चहा घेत बोलत बसलेली पुष्कळशी माणसे आत न जाताच समाधानाने परत जात! व्हारांनी मोकळ्या मनाने हे मान्य केले, आणि १९५४ च्या फेब्रुवारीत ऐकण्याचे काम त्या सामान्य मदतनीसांकडे सोपविले. आपल्या विद्वत्तेपेक्षा दुसऱ्याचा चहा अधिक गुणकारी ठरतो हे कबूल करणारे लोक कोणत्याही धंद्यात थोडेच.

दुसरे नाव सॅन फ्रान्सिस्कोच्या जेरोम मोट्टो या मनोविकारतज्ज्ञाचे. १९६९ पासून त्यांनी एक प्रयोग चालविला. खिन्नतेने किंवा आत्महत्येच्या विचाराने रुग्णालयात राहून गेलेली, परंतु पुढील उपचार नाकारलेली किंवा मध्येच सोडलेली ८४३ माणसे त्यांनी निवडली. अर्ध्यांना काही पाठविले नाही. अर्ध्यांना चार ओळींची पत्रे पाठविली. पहिले चार महिने महिन्याला एक, पुढचे आठ महिने दोन महिन्यांनी एक, आणि त्यानंतर चार वर्षे दर तीन महिन्यांनी एक, अशी पाच वर्षांत चोवीस पत्रे. पत्रांत उपदेश नसे, औषधाची आठवण नसे, "येऊन भेटा" असा तगादाही नसे. तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, कळवावेसे वाटले तर आनंद होईल, एवढाच त्यांचा आशय. पत्रे मिळालेल्या गटात आत्महत्येचे प्रमाण पाचही वर्षे कमी राहिले, आणि पहिल्या दोन वर्षांतील फरक तर निःसंशय होता.

मराठी घरांना हे पत्र अपरिचित नाही. मुंबईच्या गिरणीत काम करणारा माणूस गावी जे खुशालीचे कार्ड टाकी, त्यात तरी दुसरे काय असे? बातमी नसे; कार्ड आले हीच बातमी असे. आपण कोणाच्या तरी हिशेबात आहोत, एवढे त्या पंधरा पैशांच्या तुकड्यावरून कळत असे.

पत्राऐवजी फोन, आणि अमेरिकेऐवजी आपला देश, अशी कसोटीही होऊन गेलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझीलमधील काम्पिनास, श्रीलंकेतील कोलंबो, इराणमधील करज, चीनमधील युनचेंग आणि आपले चेन्नई अशा पाच ठिकाणी एक मोठा अभ्यास करविला. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ माणसांचा त्यात समावेश होता. चेन्नईतील काम डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी पाहिले. १९८६ मध्ये त्यांनीच तेथे 'स्नेहा' ही मदतवाहिनी स्थापन केली होती. एका गटास नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटास तेच उपचार, शिवाय घरी जाताना एक तासाचे निवांत बोलणे, आणि पुढे अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या गटात शेकडा २.२ माणसे आत्महत्येने दगावली होती. दुसऱ्या गटात शेकडा ०.२. हजारी बावीस आणि हजारी दोन! यासाठी नवे औषध लागले नाही, यंत्र लागले नाही. जे लागले ते एक वहीत लिहिलेले वेळापत्रक आणि ते पाळणारे माणूस.

ते वेळापत्रक मुद्दाम पाहण्यासारखे आहे. पहिला, दुसरा, चौथा, सातवा आणि अकरावा आठवडा; नंतर चौथा, सहावा, बारावा आणि अठरावा महिना. आरंभी दाट आणि पुढे विरळ, कारण पहिले आठवडे अधिक धोक्याचे असतात. बीदर जिल्ह्यातील शेतकऱ्याने ते आपल्या पंचांगावर मांडून पाहावे. ज्येष्ठात, पेरणीच्या तोंडाशी, बियाण्यांची उधारी करून जीव घाबरा झालेल्या माणसाने फोन केला असे धरू. अकराव्या आठवड्याचा फोन येतो तेव्हा मूग-उडीद काढणीस आलेले असतात. चौथ्या महिन्याचा फोन सोयाबीनच्या राशीवर येतो, सहाव्या महिन्याचा तूर शेंगांनी लवत असता. बारावा महिना म्हणजे पुन्हा पेरणी आणि पुन्हा उधारी. अठराव्या महिन्यात दुसऱ्या वर्षीची तूर उभी असते आणि बाजारात भाव काय निघणार याची चिंता सुरू झालेली असते. एका शेतवर्षाचे सारे अवघड घाट या नऊ फोनांत येऊन जातात. वेळापत्रक बांधणाऱ्यांनी बीदरची तूर पाहिलेली नव्हती. तरी ते येथे चपखल बसते.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगावयास हवी. अशा उपक्रमांचा गुण सर्वत्र सारखा आलेला नाही. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथे वर्षभरात आठ कार्डे पाठविण्याचा प्रयोग झाला. त्यात पुन्हा प्रयत्न करणाऱ्या माणसांची संख्या घटली नाही, मात्र प्रयत्नांची एकूण संख्या सुमारे निम्म्यावर आली. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे कार्डांचा विशेष गुण दिसला नाही. तेव्हा कार्ड किंवा फोन हा मंत्र नव्हे. कोण विचारतो, किती मनापासून विचारतो आणि विचारल्यावर पुढे काही करता येते काय, यांवर पुष्कळ अवलंबून असते.

बसवकल्याणची अडचण नेमकी येथेच सुरू होते. हे गाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते आणि राज्यपुनर्रचनेनंतर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. महामार्गाने पश्चिमेस थोडे गेले की उमरगा लागते आणि राज्य बदलते. येथील कित्येक घरांत मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी उर्दू असा तिपेडी व्यवहार चालतो, आणि माणसे तो सहज निभावून नेतात. परंतु बाजाराची भाषा वेगळी आणि काळजाची वेगळी. तलाठ्याशी कन्नडमध्ये बोलणारी बाई "जीव नकोसा झालाय" हे मात्र मराठीतच म्हणेल. टेली-मानसवर भाषा निवडता येते, म्हणून पहिला फोन मराठीत होऊ शकतो. पुढचा फोनही त्याच भाषेत येईल, शक्य तर त्याच आवाजात येईल, आणि मराठीत ऐकलेली हकीकत बसवकल्याणच्या सरकारी दवाखान्यातील माणसापर्यंत नीट पोहोचेल, अशी साखळी जोडली गेली तरच त्या सोयीचा पुरता उपयोग. नाहीतर बाईने आपली कहाणी तिसऱ्यांदा, तीही दुसऱ्या भाषेत, पहिल्यापासून सांगावयाची! पुष्कळजण या टप्प्यावरच माघार घेतात.

दुसरी अडचण फोनची. वरच्या उदाहरणातील सुनेचा फोन दिराचा होता. आठ दिवसांनी समुपदेशक बाईंचा फोन आला आणि तो दिराने उचलला तर? "कोण बोलतंय? कशासाठी?" या दोन प्रश्नांत त्या घरात काय होईल ते सांगावयास नको. म्हणून चांगल्या मदतवाहिनीत पहिल्याच संभाषणाच्या अखेरीस चार गोष्टी विचारून घेतल्या जातात: पुन्हा फोन केलेला चालेल काय, कोणत्या क्रमांकावर, कोणत्या वेळी, आणि दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगावयाचे. होकार मिळाल्याखेरीज फोन करावयाचा नाही, हा नियम. जीव धोक्यात असेल तेव्हाची गोष्ट निराळी. ही विचारणा किरकोळ वाटते. पण तिच्यावाचून केलेली विचारपूस उपकाराऐवजी अपकार करून बसते.

यात आशाताईंचा उपयोग करावा, असे पुष्कळदा सुचविले जाते. सूचना वाईट नाही. आशाताई गावचीच असते, लहान मुलांच्या लसींसाठी, गरोदर बायकांच्या नोंदीसाठी ती घरोघर जातेच, तेव्हा तिच्या येण्याचा बोभाटा होत नाही. मात्र ती गावची असणे हीच तिची मर्यादाही आहे. सासूची ती भाची लागत असेल तर सून तिच्यापाशी काय बोलणार? कोणास आशाताई हवी आणि कोणास दूरच्या शहरातला अनोळखी आवाजच बरा, हे ज्याचे त्यास ठरवू द्यावे. कर्नाटकात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची मुळे जुनी आहेत. निम्हान्सच्या पुढाकाराने १९८५ मध्ये बळ्ळारी जिल्ह्यात झालेला प्रयोगच पुढे देशभरच्या कार्यक्रमाचा नमुना ठरला. 'मनोचैतन्य' या योजनेत ठराविक मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ तालुक्याच्या रुग्णालयात येतात. बीदरला जावयाचे म्हणजे रोजगाराचा दिवस मोडतो, तालुक्यातच डॉक्टर भेटत असेल तर "येत्या मंगळवारी अमुक वाजता जा, नाव सांगून ठेवले आहे" असे फोनवर सांगता येते, आणि बुधवारी "गेला होतात का?" असे विचारताही येते. विचारपुशीचे निम्मे काम या बुधवारच्या प्रश्नात आहे.

कायद्याविषयीही येथे बोलणे प्राप्त आहे. चालुक्यांच्या याच राजधानीत विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली आणि हिंदूंच्या वारसाचे वाद शतकानुशतके तिच्या आधाराने तोडले गेले. आजच्या कायद्याबद्दल मात्र लोकांत मोठा गैरसमज आढळतो. आत्महत्येचा प्रयत्न केला तर पोलीस धरून नेतील, या भीतीने घरचे लोक दवाखान्यात खोटे कारण सांगतात, आणि एकदा खोटे सांगितले की पुढील विचारपुशीची वाटच बंद होते. १८६० च्या दंडसंहितेतील ३०९ व्या कलमान्वये तशी शिक्षा होती, हे खरे. परंतु २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरावयास सांगितले, आणि त्याची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन करून पुन्हा तसा प्रसंग येण्याचा धोका कमी करणे हे सरकारचे कर्तव्य ठरविले. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली आणि तिच्याबरोबर ते कलमही गेले. सरकारी नोकरावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा नव्या कायद्यात गुन्हा राहिला आहे. म्हणजे मागाहूनची विचारपूस ही आता कोणाची मेहेरबानी नसून कायद्याने सांगितलेले काम आहे. धर्मसंस्थाही या बाबतीत सौम्य झाल्या आहेत. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या विधिसंहितेत अशा मृतास धार्मिक दफन नाकारण्याचा नियम होता. १९८३ च्या संहितेत तो राहिला नाही. नियम बदलतात, शेजाऱ्याची नजर मात्र मागे रेंगाळते.

मग या दुसऱ्या-तिसऱ्या फोनात बोलावयाचे तरी काय? प्रथम इकडचे तिकडचे, कारण माणूस एकदम उघडत नाही. मग सरळ प्रश्न: मधल्या दिवसांत जीव द्यावा असे पुन्हा वाटले का? असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने बहुधा सुटकाच वाटते. त्यानंतर पहिल्या वेळी दोघांनी मिळून केलेली यादी पुन्हा पाहावयाची. मन फिरू लागले की आधी कोणती चिन्हे दिसतात, तेव्हा स्वतःला कशात गुंतवावयाचे, कोणाच्या ओसरीवर जाऊन बसावयाचे, कोणास खरे सांगावयाचे, कोणत्या दवाखान्यात जावयाचे. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन संशोधकांनी या यादीला शास्त्रीय रूप दिले. तेथील माजी सैनिकांच्या नऊ रुग्णालयांतील १,६४० रुग्णांच्या अभ्यासात तिची, मागाहूनच्या फोनांसह, नेहमीच्या उपचारांशी तुलना केली गेली. सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. यादीतील शेवटची बाब घर निर्धोक करण्याची. शेतकऱ्याच्या घरात याचा अर्थ, फवारणीची औषधे माणसे राहतात तेथे न ठेवणे. तमिळनाडूत काट्टुमन्नारकोईल भागात डॉ. विजयकुमार यांच्या चमूने दोन गावांसाठी अशी औषधे एकत्र, कुलुपात ठेवण्याची कोठी करून दिली होती; प्रत्येक शेतकऱ्याची पेटी वेगळी, आणि राखणीला माणूस. सोसायटीच्या गोदामात एक कोपरा मिळाला तर बसवकल्याणलाही हे अशक्य नाही.

घरच्यांनी तर फोनची वाट पाहावयाचीही गरज नाही. ज्याने एकदा अशी हाक दिली, त्याच्याशी आठ-पंधरा दिवसांनी शेतावर, बांधावर बसून शांतपणे बोलावे, "असा विचार तुझ्या मनात आलाच कसा?" असा जाब विचारू नये. रात्री एकटे सोडण्यासारखी स्थिती नाही असे वाटले तर सोडू नये, आणि १४४१६ हा क्रमांक घरच्यांनीही फिरवावा. तो केवळ दुखणाईतासाठी नाही.

आपल्या उदाहरणातील सुनेला सातव्या आठवड्यात फोन आला, असे समजावे. वेळ तिने स्वतःच सांगितली होती, दुपारची तीन, आणि क्रमांक शेजारच्या काकूंचा. काकूंनी बांधावरून हाक मारली. ती आली, धापा टाकीत म्हणाली, "ताई, आज नाही जमायचं बोलायला. मुगाची तोडणी चाललीय, बाया लावल्यात. शनिवारी करता का?" समुपदेशक बाईंनी होय म्हटले, आणि वहीत तिच्या नावापुढे शनिवार, तीन वाजता, असे लिहून ठेवले.